तेल न मागणारं लाकूड

1722 च्या सुमाराचं, इंग्लंडमधलं लिंकनशायर. तुम्ही ब्रॉकल्सबी पार्कमधल्या तबेल्यावरच्या मनोऱ्याची शिडी चढताय. खालून घोड्यांचा आणि ओल्या गवताचा वास येतोय, फटींतून शिरणारा गार वारा कानाला झोंबतोय. वर दोघे भाऊ घड्याळ जोडताहेत. थोरला जॉन हॅरिसन, तिशीला टेकलेला, बापाकडून सुतारकी शिकलेला. धाकटा जेम्स, त्याच्याहून अकराएक वर्षांनी लहान.

चाकं बघा, ती ओकची आहेत. पण दाते अख्ख्या फळीतून कापलेले नाहीत. प्रत्येक दात्यात लाकडाचे तंतू मधून बाहेर धावतील, अशा बेतानं तुकडे बसवलेत. तंतू आडवे गेले असते तर दाता केव्हाच मोडून पडला असता. ओक इथल्याच मातीतला, सुताराच्या रोजच्या हातचा. आता मात्र जॉनच्या पुढ्यातला तो काळपट ठोकळा उचला. आकाराच्या मानानं हाताला भलताच जड लागेल. हा लिग्नम व्हिटे, कॅरिबियन बेटांवरून गलबतांतून आलेला. शेजारच्या बादलीत एक तुकडा टाका, थेट तळाला जाईल. घनमीटरभर पाणी 1000 किलोचं, तर हे लाकूड बाराशेच्या पुढचं. खलाशी याच्या कप्प्या वापरतात. या काळाच्या दोनशे वर्षं आधी युरोपातले वैद्य याच्या ढलप्या उकळून उपदंशाच्या रोग्यांना पाजत होते.

पायानं चालणाऱ्या लेथवर आता तो ठोकळा चढतो. पटाशी टेकताच तुम्हाला कळेल की हे लाकूड सहजासहजी वश होणारं नाही. याचे तंतू थराथरानं उलटसुलट गुंतलेले, त्यामुळे ते फुटत नाही आणि हत्याराची धार मात्र बघता बघता जाते. पुन्हा धार लावायची, पुन्हा अगदी पातळ काप घ्यायचा. घासून तापलं की गोडसर, धुपासारखा वास सुटतो. कातलेला पिवळसर तपकिरी भाग उजेडात राहिला की हळूहळू हिरवा पडत जातो. अंगठा फिरवून बघा, मेणासारखा ओशट लागेल. हॅरिसनला हवा आहे तो हाच ओशटपणा, लाकडातच मुरलेली राळ.

कारण त्या काळच्या घड्याळाचा खरा वैरी तेल. प्राण्यांच्या चरबीचं किंवा बियांचं तेल थंडीत घट्ट होतं, पुढे चिकट होऊन धूळ धरतं आणि घड्याळ मागे पडू लागतं. हॅरिसननं तेल सुधारण्याच्या भानगडीत न पडता तेलाची गरजच काढून टाकली. लिग्नम व्हिटेच्या छोट्या रुळ्या पितळी खुंट्यांवर फिरतात, आसांची टोकं त्याच लाकडाच्या बेअरिंगमध्ये बसतात. गंज नको म्हणून लोखंडाऐवजी पितळ. चाकाला एकेक दात्यानं पुढे सोडणाऱ्या भागाला, म्हणजे एस्केपमेंटला, सुरुवातीला तेल लागत होतं, ते त्रास देऊ लागल्यावर त्यानं टोळाच्या पायासारखी उसळी घेणारी नवी रचना केली. पुढे समुद्रावर रेखांश सांगणारं घड्याळ घडवणारा हाच माणूस, पण मला त्याची बुद्धी या तबेल्यावर जास्त लख्ख दिसते. दुर्मीळ लाकूड हाती आलं म्हणून त्यानं त्याची चौकट केली नाही, मिरवायला दर्शनी फळी केली नाही. जिथे घर्षण, तिथेच बोटाच्या पेराएवढा तुकडा. बाकी सगळा भार ओकवर.

ब्रॉकल्सबीचं ते घड्याळ आजही चालतं.

या लाकडाची झाडं मात्र फार संथ वाढतात, आणि जहाजांच्या पंख्याच्या दांड्यांना बेअरिंग म्हणून विसाव्या शतकातही त्यांचं लाकूड वापरलं गेलं. हे लाकूड ज्या गुआयाकम वंशातलं, त्यातल्या सगळ्या जाती आता दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम घालणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत. कागदपत्रांशिवाय हे लाकूड देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा लेथवर काम करणाऱ्यांनो, लिग्नम व्हिटे हवंच असेल तर आधी लॉन बोल्सचे जुने गोळे किंवा जहाजातून काढलेली बेअरिंगं शोधा. नवं घ्यायचंच झालं तर कागद मागा, आणि जिथे दुसऱ्या लाकडानं भागत नाही तेवढ्याच जागी ते वापरा.