बेचाळीस, के आणि तीन

ध्रुवमत्स्याला वेटोळे घालून बसलेल्या कालेय तारकासमूहात 4.8 प्रतीचा एक नारिंगी तारा आहे. शहरातल्या उजेडात तो नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. 2015 साली त्याला फाफनीर असे नाव मिळाले. नॉर्स पुराणातला, बुटक्याचा ड्रॅगन झालेला हा इसम. पण खगोलशास्त्रज्ञ त्याला ओळखतात ते 42 ड्रॅकोनिस, वर्ग के, तीन या ओळखीने, आणि मला तीच अधिक चविष्ट वाटते.

42 हा फ्लॅमस्टीड क्रमांक. आपली ताऱ्यांची यादी न्यूटन आणि हॅली यांनी 1712 मध्ये परस्पर छापली म्हणून संतापलेल्या इंग्रज ज्योतिर्विद फ्लॅमस्टीडने हाती लागलेल्या 300 प्रती जाळल्या. आज रूढ असलेले क्रमांक मात्र त्याचे नव्हेतच. ते 1783 मध्ये लालांद या फ्रेंच ज्योतिर्विदाने घातले.

‘के’ आला हार्वर्डच्या वेधशाळेतून. खगोलशास्त्रज्ञ हेन्री ड्रेपर यांच्या विधवा पत्नीच्या पैशांवर तिथे ताऱ्यांच्या वर्णपटांची नोंदणी चाले. तिथल्याच खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅनी कॅनन यांनी 1901 मध्ये वर्गांची विस्कटलेली मुळाक्षरे तापमानानुसार लावली आणि पुढे सव्वादोन लाख तारे त्यांत बसवले. के म्हणजे सूर्याहून थंड, नारिंगी.

खरी गोष्ट आहे ती ‘तीन’ची. ड्रेपर यांची भाची अँटोनिया मॉरी हार्वर्डलाच काम करी. तिने पाहिले की एकाच वर्गातल्या काही ताऱ्यांच्या वर्णरेषा विलक्षण बारीक असतात. 1897 मध्ये तिने त्यांची वेगळी नोंद छापली. वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांना हा सूक्ष्मपणा म्हणजे वेळेचा अपव्यय वाटे. 1905 मध्ये डेन्मार्कच्या हर्ट्झस्प्रुंगला उमगले, की बारीक रेषांचे हे तारे फार दूरचे, म्हणजेच मुळात प्रचंड तेजस्वी आहेत. असे तारे फुगलेले असतात; फुगलेल्या ताऱ्याचे वातावरण विरळ असते, दाब कमी, म्हणून रेषा पसरत नाहीत. पिकरिंग तरीही बधले नाहीत.

अखेर 1943 मध्ये मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी वर्गाच्या अक्षरापुढे तेजस्वितेचा रोमन आकडा जोडला. तीन म्हणजे राक्षसी तारा. आपला 42 ड्रॅकोनिस वस्तुमानाने साधारण सूर्याएवढाच, पण व्यासाने सुमारे वीसपट. त्याच 1943 साली मॉरीबाईंना अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा पुरस्कार मिळाला. तो होता अ‍ॅनी कॅनन यांच्या नावाचा.