तारापूर : जुन्या अणुभट्टीचा जमाखर्च

१/ नाशिककरांना एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र परिचित आहे. तेथील पहिले दोन संच १९७०-७१ सालचे. ते केव्हाच निवृत्त झाले. सह्याद्रीपलीकडे, पालघरच्या किनाऱ्यावरील त्यांच्या समवयस्क दोन अणुभट्ट्या मात्र पन्नाशी गाठेपर्यंत वीज देत राहिल्या. हे दीर्घायुष्य कोणत्या किमतीवर लाभले, त्याचा हा धागा.

२/ तारापूरच्या उभारणीचा करार १९६४ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी झाला. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तेथे व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. भारतातील हे पहिले अणुवीज केंद्र. प्रत्येक संचाची क्षमता २१० मेगावॅट.

३/ कोळशाच्या केंद्रात खर्चाचा मोठा वाटा रोज जळणाऱ्या इंधनाचा असतो. अणुकेंद्रात तो उभारणीचा असतो. उभारणीचा भार एकदा उतरला की पुढील प्रत्येक वर्षाची वीज स्वस्त पडते. म्हणूनच जुनी अणुभट्टी सहसा कोणी सोडू इच्छित नाही.

४/ परंतु यंत्र झिजते. तारापूरच्या अणुभट्टीत पाणी उकळून वाफ थेट टर्बाइनकडे जाते. त्याखेरीज अधिक वाफ देणारी दुय्यम बाष्पजनित्रेही होती. त्यांच्या नळ्यांना गळती लागली. अखेर १९८० च्या दशकात ती वापरातून काढण्यात आली आणि क्षमता १६० मेगावॅटवर आली. दोन्ही संचांच्या मिळून १०० मेगावॅटवर पाणी सोडावे लागले.

५/ २००५ च्या अखेरीस दोन्ही संच काही महिने बंद ठेवून मोठे नूतनीकरण झाले. आणीबाणीसाठी अधिक क्षमतेचे नवे डिझेल जनित्रसंच बसले. दोन्ही संचांना सामायिक असलेल्या काही यंत्रणा वेगळ्या केल्या गेल्या, जेणेकरून एकातील बिघाड दुसऱ्यास भोवू नये.

६/ डिझेल जनित्रांचे महत्त्व ११ मार्च २०११ रोजी जगाला कळले. फुकुशिमात त्सुनामीच्या पाण्याने ती निकामी केली. शीतकरण थांबले आणि तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले. तेथील पहिला संचही जनरल इलेक्ट्रिकच्याच बनावटीचा, १९७१ सालचा, तारापूरहून धाकटा. त्यानंतर भारतातील सर्व अणुकेंद्रांची फेरतपासणी झाली. वीज पूर्णतः गेली तरी अणुभट्टीत बाहेरून पाणी सोडता यावे, अशा जोडण्या करण्यात आल्या.

७/ २०२० साली दोन्ही संच पुन्हा थांबले. या वेळी प्रश्न अणुभट्टीतील पाणी फिरवणाऱ्या नळ्यांचा होता. त्या बदलणे हे किरणोत्सारी परिसरातील, वेळखाऊ आणि खर्चिक काम. त्या काळात वीज नाही, म्हणजे उत्पन्नही नाही.

८/ मित्रहो, जुन्या केंद्राची स्वस्ताई हा पूर्वजांनी ठेवलेला फुकटचा वारसा नव्हे. कधी क्षमता सोडून, कधी काम थांबवून, कधी नवी यंत्रणा बसवून तारापूरने आयुष्य विकत घेतले आहे. त्या वर्षांचा लाभ दूरच्या शहरांनाही होतो. धोका मात्र प्रथम किनाऱ्यावरील गावांच्या दारी असतो. त्यामुळे ‘वीज किती स्वस्त?’ या प्रश्नाला जोडूनच ‘शेवटची मोठी दुरुस्ती केव्हा झाली?’ हेही विचारावे. दोन्ही उत्तरे एकाच खतावणीत लिहिलेली असतात.