बीज भिजविण्याची विद्या : दुधापासून संजीवकांपर्यंत

आपल्या ज्ञातीतील ज्या घराण्यांनी नदीच्या वाळूत कलिंगड-खरबुजांच्या वाड्या केल्या (विदर्भात त्यांस डांगरवाडी म्हणतात), त्यांना बी भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, मोड आणून मग लावण्याची रीत सांगावयास नको. परंतु ही रीत किती जुनी, आणि हल्ली बियाण्यास जी 'संजीवके' लावितात त्यांचे तिच्याशी नाते काय, हे तरुण मंडळींस क्वचितच ठाऊक असते. आता संकरित बी महाग झाले आहे. दाणा वाया जाणे परवडत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रीक पंडित थिओफ्रास्टस ह्याने इसवी सनापूर्वी सुमारे तीनशे वर्षे काकडीचे बी पाण्यात वा दुधात भिजविल्यास लवकर उगवते, असे नमूद केले आहे. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात बियांस दहा दिवस दुधाची भावना देऊन, तुपाच्या हातांनी चोळून, शेणात घोळविण्यास सांगितले. एवढ्यावरून 'संजीवके आमच्या पूर्वजांस ज्ञात होती' असे काही उत्साही बंधू सभांतून सांगतात. आम्हांस ते पटत नाही. पूर्वजांचे निरीक्षण खरे होते. कारण मात्र त्यांस ठाऊक नव्हते. शब्दशः अर्थ घेऊन खरबुजाचे बी दहा दिवस दुधात बुडवून ठेवील त्याच्या हाती कुजका लगदाच येईल!

कारणाचा शोध पुष्कळ उशिरा लागला. 1880 साली चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस ह्यांनी वनस्पतींच्या हालचालींवर ग्रंथ लिहिला. भोपळ्याच्या अंकुराच्या बुडाशी एक खुंटीसारखा उंचवटा येतो व तो टरफल दाबून धरतो, म्हणून दले मोकळी होतात, हे त्यात वर्णिले आहे. त्याच ग्रंथात, गवताच्या कोंबाच्या शेंड्याकडून खाली काही प्रभाव पोहोचतो, असा तर्क आहे. 1926 ते 1928 ह्या काळात हॉलंडमधील वेंट ह्यांनी तो प्रभाव म्हणजे एक द्रव्य असल्याचे दाखविले. त्यास पुढे 'ऑक्सिन' म्हणू लागले.

दुसरे द्रव्य आले ते रोगातून, आणि ही कथा फारच विलक्षण आहे. जपानात भाताची काही रोपे एकाएकी उंच, फिकट व लुकडी होत आणि दाणा न धरता मरत. शेतकरी त्यांस 'बकानाए', म्हणजे वेडे रोप, म्हणत. 1926 साली तैवानात काम करणारे कुरोसावा ह्यांनी दाखविले की, ह्या रोगाची बुरशी ज्या द्रवात वाढविली तो बुरशी गाळून काढूनही रोपांस तसेच उंचावतो. 1935 साली याबुता ह्यांनी त्या द्रव्यास 'जिबरेलिन' नाव दिले, व 1938 साली याबुता आणि सुमिकी ह्यांनी त्याचे स्फटिक मिळविले. पश्चिमेकडील शास्त्रज्ञांचे तिकडे लक्ष गेले ते महायुद्धानंतर. 1954 साली ब्रिटनमध्ये जिबरेलिक आम्लाचे वर्णन प्रसिद्ध झाले. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदार ज्यास 'जीए' म्हणतात ते हेच.

खरबुजाच्या बियांत तेल व प्रथिने साठविलेली असतात. कठीण टरफलाखाली एक पातळ वेष्टन असते. बी उबेला, सुमारे 30 अंशांवर, झपाट्याने उगवते; 15 अंशांखाली ते जवळजवळ निजूनच राहते. वाड्या थंडीत लागतात, अडचण तेथेच आहे. जिबरेलिन साठा मोकळा करण्यास व वेष्टन सैल करण्यास साहाय्य करते. पाण्याने बी जागे होते, संजीवकाने त्यास वेग येतो. पण मात्रा वाढली की ते वेडे भात आपल्या वाडीत अवतरते : लांब, लवचिक, वाऱ्यास न टिकणारी रोपे.

एक लिटर पाण्यात 100 मिलिग्रॅम घातल्यास दशलक्षात शंभर भाग होतात. शुद्ध भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही. ती प्रथम थोड्या मद्यार्कात विरघळवावी लागते. बियांस हवाही हवी असते, म्हणून एका रात्रीहून अधिक बुडवून ठेवू नये. पुडी विकत घेण्यापूर्वी तरुण बंधूंनी एवढे करावे : दोन वाट्या घ्याव्या, एकीत साधे पाणी, दुसरीत औषधाचे, पंचवीस-पंचवीस दाणे भिजवावे, एकाच वाफ्यात लावावे, आणि आठव्या दिवशी दोन्हीकडील रोपे मोजून वहीत लिहावी.