पुरुष वंध्यत्व : जनुके आणि प्रथिने

वर्षभर नियमित व निरोधाविना शरीरसंबंध असूनही गर्भ न राहणे, याला वैद्यकात वंध्यत्व म्हणतात. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील दोषाचा एकट्याने किंवा स्त्रीकडील दोषाच्या जोडीने वाटा असतो. तरीही आपल्याकडे तपासण्या बहुधा सुनेपासून सुरू होतात आणि वीर्यतपासणीसारखी स्वस्त, सोपी चाचणी मागे राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शिकेत शुक्राणूंची खालची संदर्भपातळी दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख दिली आहे. या चाचणीतून शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार समजतो. ते कमी का, याचे उत्तर मात्र जनुकांत आणि प्रथिनांत शोधावे लागते.

सर्वांत ठळक कारण संपूर्ण गुणसूत्राचे. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२मध्ये वर्णन केलेल्या विकारात पुरुषाला एक एक्स गुणसूत्र जादा असते, हे १९५९मध्ये स्पष्ट झाले. साधारण ६०० पुरुषांत एकाला हा विकार असतो आणि अनेकांना तो मूल होत नाही म्हणून दवाखान्यात गेल्यावरच कळतो.

त्याखालोखाल येतात वाय गुणसूत्रातले लोप, म्हणजे गळालेले तुकडे. १९७६मध्ये इटलीतील लुचानो तिएपोलो व ओर्सेत्ता झुफार्डी यांनी १,१७० पुरुषांची गुणसूत्रे तपासली. त्यांपैकी वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या सहा जणांच्या वाय गुणसूत्राच्या लांब बाहूचे टोक गळालेले होते. सूक्ष्मदर्शकातून दिसण्याइतके हे लोप मोठे होते. त्याहून लहान लोप डीएनए चाचणीशिवाय सापडत नाहीत. १९९६मध्ये अशा लोपांचे एझेडएफ-ए, बी आणि सी असे तीन प्रदेश निश्चित झाले.

हे तुकडे गळतात का, याचे उत्तर २००३मध्ये डेव्हिड पेज यांच्या गटाने वाय गुणसूत्राचा अनुक्रम प्रसिद्ध केल्यावर नीट उलगडले. इतर गुणसूत्रे जोडीने असतात. एका प्रतीत बिघाड झाला तर दुसरीवरून दुरुस्ती करता येते. वायला बहुतेक लांबीभर जोडीदारच नाही. ही उणीव त्याने स्वतःतच भरून काढली आहे. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य जसे उलटसुलट सारखेच वाचता येते, तसे डीएनएचे आठ प्रचंड पट्टे वायवर आहेत. फक्त उलटे वाचन समोरच्या धाग्यावर करायचे. पट्ट्याचा एक अर्धा भाग बिघडला तर दुसऱ्या अर्ध्यावरून तो दुरुस्त होतो. शुक्राणूनिर्मितीची अनेक जनुके याच पट्ट्यांत आहेत. पण इतके सारखे तुकडे जवळजवळ असले की चुकीचे दोन तुकडे एकमेकांशी जुळतात आणि मधला भाग निखळून पडतो. एझेडएफ-सीमधल्या नेहमीच्या लोपात अशी सुमारे ३५ लाख अक्षरे जातात आणि त्यांबरोबर डीएझेड या जनुकाच्या चारही प्रती. जनुके जपणारी रचनाच ती गमावण्याचे कारण ठरते. वडिलांचे वाय गुणसूत्र बहुधा अखंड असते. लोप मुलात नव्याने होतो. त्यामुळे ‘आमच्या घराण्यात असे कोणाला नव्हते’ या वाक्याला येथे काही अर्थ उरत नाही.

कोणता प्रदेश गेला, यावर उपचाराची दिशा ठरते. एझेडएफ-ए किंवा बी पूर्ण गेला असेल तर वृषणात शुक्राणू सापडण्याची शक्यता जवळजवळ नसते आणि शस्त्रक्रिया व्यर्थ जाते. सी गेला असेल तर सुमारे निम्म्या रुग्णांच्या वृषणातून शुक्राणू मिळू शकतात. ब्रसेल्समध्ये १९९२मध्ये यशस्वी झालेल्या इक्सी पद्धतीने असा एकच शुक्राणू बीजांडात सोडता येतो. मात्र मुलगा झाला तर बापाचा लोप त्याला मिळणारच. मुलीला वाय जात नाही. पण लिंगनिवडीवर कायद्याने बंदी असलेल्या भारतात ‘मुलगीच हवी’ हा सरसकट उपाय होऊ शकत नाही. महाराष्ट्राने तर गर्भलिंगपरीक्षणावर १९८८मध्येच स्वतंत्र कायदा केला होता.

काही पुरुषांत वृषण उत्तम काम करते, पण दोन्ही शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. यामागे बहुधा सीएफटीआर जनुकातील बिघाड असतो. इथे पत्नीचीही चाचणी आवश्यक ठरते, कारण ती त्याच बिघाडाची वाहक असेल तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा गंभीर आजार होऊ शकतो. एकेका जनुकाचे दोषही बरेच सापडले आहेत : डीपीवाय१९एल२ बिघडले की शुक्राणूचे डोके गोल होते आणि बीजांडात शिरण्यासाठी लागणारी टोपी तयार होत नाही; डीएनएएच१ बिघडले की शेपटी आखूड, वेडीवाकडी होते. एवढे असूनही पुष्कळ रुग्णांत कारण सापडत नाही.

म्हणूनच अभ्यासकांचे लक्ष प्रथिनांकडे वळले. पक्व शुक्राणूची जनुके जवळपास मिटलेली असतात. त्याचा डीएनए प्रोटामाइन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट आवळलेला असतो आणि पुढचा सारा प्रवास आधीच्या प्रथिनांवर होतो. दोन प्रोटामाइनांचे प्रमाण बिघडले तर डीएनएला इजा होण्याचा धोका वाढतो. ओसाका येथे २००५मध्ये ओळखलेले इझुमो१ हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे शुक्राणू नीट पोहतात, बीजांडापर्यंत पोचतात, पण त्याच्याशी एकरूप होत नाहीत. संख्या आणि वेग पाहून ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणण्याची मर्यादा यातून दिसते.

वीर्यद्रवातली प्रथिने निदानालाही उपयोगी पडू शकतात. टोरोंटोतील संशोधकांनी २०१३मध्ये दाखवले की ईसीएम१ व टेक्स१०१ या दोन प्रथिनांवरून शुक्राणू तयारच होत नाहीत की वाटेत अडले आहेत, हे ओळखता येते. एरवी यासाठी वृषणाचा तुकडा काढावा लागतो. नित्याच्या वीर्यतपासणीत मात्र त्यांना अजून स्थान मिळालेले नाही. भारतात मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था आणि हैदराबादचे पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र या विषयावर काम करतात.

वीर्यात शुक्राणू अजिबात नसतील किंवा फारच कमी असतील, तर शस्त्रक्रियेचा किंवा इक्सीचा खर्च करण्याआधी गुणसूत्रचाचणी आणि वाय लोपाची चाचणी डॉक्टरांकडे मागावी; दोन्ही साध्या रक्ताच्या नमुन्यावर होतात.