तळटीप : मीठ आणि बाळहिरडा

१. मीठ, बाळहिरडा : सह्याद्रीच्या घाटवाटांनी कोकणातून वर येणारे मीठ आणि आहुप्याच्या रानात महादेव कोळी वेचून वाळवतात तो बाळहिरडा, हे दोन जिन्नस लेखकाने एकाच ओळीत घेतले आहेत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांची घडण निरनिराळी आहे. सोडियमच्या बाह्य कक्षेत १ इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनच्या ७. सोडियम आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेऊन ८ पुरे करतो. धन व ऋण झालेले हे आयन एकमेकांना ओढून धरतात. हा आयनिक बंध. स्फटिकात प्रत्येक आयनाला विरुद्ध भाराचे ६ शेजारी असतात, म्हणून मीठ वितळायला सुमारे ८०१ अंश सेल्सियस तापमान लागते. पाण्यात मात्र आयन सुटे होतात आणि द्रावणातून वीज वाहते. हिरड्याचा तुरटपणा टॅनिनांचा. त्यांतल्या कार्बनला ४ इलेक्ट्रॉन देणे किंवा घेणे परवडत नाही. तो हायड्रोजन, ऑक्सिजन व दुसऱ्या कार्बनशी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सामायिक ठेवतो. हा सहसंयुज बंध. म्हणून पाण्यात उतरले तरी टॅनिन मिठासारखे आयनांत विखुरत नाही. आयनिक बंधाची उपपत्ती कोसेलने आणि सामायिक जोडीची लुईसने, दोघांनीही १९१६ मध्ये मांडली. दोन्ही बंधांमधली सीमा काटेकोर नाही : ऑक्सिजन-हायड्रोजन बंधात जोडी सामायिक असली, तरी ती ऑक्सिजनकडे अधिक ओढलेली असते. — संपा.