विमानातले ८,००० फूट : आजारी फुप्फुसांच्या हवाई प्रवासाचा इतिहास

१/ महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई; उंची सुमारे ५,४०० फूट. अंधेरी आणि विलेपार्ले यांना लागून पसरलेल्या मुंबई विमानतळावरून उडालेले विमान अर्ध्या तासात आपल्या प्रवाशांना त्याहूनही उंच ठिकाणी नेऊन बसवू शकते. विमान स्वतः ३५,००० फुटांवर असते, पण प्रश्न त्या उंचीचा नाही. प्रश्न आहे बंद केबिनमधल्या हवेचा. ती हवा कळसूबाईच्या माथ्यावरील हवेपेक्षा विरळ असू शकते.

२/ प्रवासी विमानांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर रूढ झालेली मर्यादा अशी : नेहमीच्या उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब ८,००० फूट उंचीच्या डोंगरावरील दाबाहून कमी होता कामा नये. सिमल्याच्या उंचीपेक्षाही हा आकडा मोठा आहे. निरोगी माणसाला तो जाणवतही नाही. सीओपीडी, फुप्फुसांचा फायब्रोसिस किंवा क्षयाने मागे ठेवलेले व्रण घेऊन जगणाऱ्यांसाठी मात्र सारा प्रवास या एका आकड्यावर अवलंबून असतो. तो आकडा आला कुठून?

३/ विरळ हवेचा धडा माणसाला फुग्यांनी दिला. १५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तिघे जण २६,००० फुटांच्याही वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्या हाताशी होत्या. पण त्या तोंडाला लावण्याचे भान येण्यापूर्वीच शुद्ध हरपली. सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली दगावले, गास्ताँ तिसांदिए वाचला. शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ च्या आपल्या ग्रंथात याचे कारण विस्ताराने मांडले : उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, म्हणजे २१ टक्के राहते, घटतो तो त्याचा दाब. आणि रक्तात प्राणवायू शिरतो तो या दाबाच्या जोरावरच.

४/ मुंबईच्या उपनगरातील विमानयुगाचा आरंभ या प्रश्नाविनाच झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले, ते टपालाच्या थैल्या घेऊन. ‘पस मॉथ’ हे लहानसे विमान फार उंच जात नसे. विमाने ढगांच्या आणि वादळांच्या वरून उडवायची ठरली, तेव्हा आतली हवा दाबाखाली ठेवणे भाग पडले. अशी केबिन असलेले पहिले प्रवासी विमान, बोइंग ३०७, अमेरिकेत १९४० मध्ये सेवेत आले.

५/ ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे, दाबयुक्त केबिनचे विमान होते. लंडनची वाट आता बोटीने काही आठवड्यांची न राहता दोन दिवसांची झाली. पण बोट समुद्रसपाटीवरून जात असे. या नव्या वाटेत एक अदृश्य डोंगर चढावा लागत होता.

६/ तो डोंगर आजारी फुप्फुसांना किती जड जातो, हे त्याच वर्षी उपखंडाने पाहिले. अनेक वर्षे मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेले महंमद अली जीना क्षयाने अखेरच्या अवस्थेत झियारत येथे होते. झियारतची उंची ८,००० फुटांच्या आसपास, म्हणजे जवळपास केबिनच्या मर्यादेइतकीच. डॉक्टर इलाही बक्ष यांनी त्यांना आधी कमी उंचीच्या क्वेट्ट्यास हलवले. ११ सप्टेंबर १९४८ रोजी व्हायकिंग विमानातून त्यांना कराचीला आणले गेले. त्या विमानाला दाबयुक्त केबिन नव्हती. रुग्ण स्ट्रेचरवर होता आणि वाटेत प्राणवायू द्यावा लागला. त्याच रात्री त्यांचे निधन झाले. मृत्यूचे कारण दीर्घकाळचा आजार होता. पण झियारतहून क्वेट्टा आणि क्वेट्ट्याहून कराची हा उतरता प्रवास डॉक्टरांना काय उमगले होते ते सांगतो.

७/ मग केबिनमध्ये थेट समुद्रसपाटीचाच दाब का ठेवला जात नाही? उत्तर धातूच्या सहनशक्तीत आहे. आत दाब जास्त आणि बाहेर कमी, त्यामुळे विमानाचे धड प्रत्येक उड्डाणात किंचित फुगते आणि उतरल्यावर पूर्ववत होते. १९५२ मध्ये सेवेत आलेल्या ‘कॉमेट’ या पहिल्या जेट प्रवासी विमानाच्या धडाचा पत्रा अशाच आवर्तनांनी थकला. १९५४ मध्ये दोन कॉमेट विमाने हवेतच फुटली. दाब जितका अधिक, तितके धड मजबूत आणि वजनदार हवे. ८,००० फूट ही धातू आणि फुप्फुस यांच्यातील तडजोड होय. आणि ती ठरवताना डोळ्यांसमोर होते ते निरोगी फुप्फुस.

८/ ही तडजोड मोडली तर काय होते, याचा अनुभव २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईकरांनी घेतला. जेट एअरवेजचे मुंबई–जयपूर विमान उडाले, पण केबिनच्या दाबासाठी लागणारी हवा पुरवणारा स्विच लावायचा राहून गेला. विमानात १६६ प्रवासी होते. सुमारे ३० जणांच्या नाकाकानांतून रक्त आले, छतातून प्राणवायूचे मुखवटे खाली पडले आणि विमान मुंबईस परतले. एरवी कोणाच्या लक्षातही न येणारी यंत्रणा किती काम करते, ते त्या सकाळी उघड झाले.

९/ यंत्रणा बिनचूक चालली तरी आजारी फुप्फुसाचे गणित वेगळेच असते. ८,००० फुटांवरची हवा म्हणजे समुद्रसपाटीवर १५ टक्के प्राणवायूची हवा घेण्यासारखे. रक्तातील हिमोग्लोबिनचे वर्तन सह्याद्रीच्या पठारासारखे आहे : बरेच अंतर सपाट, मग एकाएकी कडा. निरोगी माणूस पठाराच्या आत उभा असतो. विमानात त्याचे ऑक्सिजनचे प्रमाण ९० ते ९४ टक्क्यांपर्यंत उतरते आणि तिथेच थांबते. सीओपीडीचा रुग्ण कड्याजवळ उभा असतो. धक्का दोघांना सारखाच बसतो. परिणाम सारखा होत नाही.

१०/ जुन्या पिढीला याचा एक उलटा अनुभव ठाऊक होता. क्षयरोग्यांना हवापालटासाठी चार हजार फुटांवरच्या पाचगणीला पाठवत. मात्र तिथे धूळ व गर्दी कमी होती, अंथरुणात विश्रांती होती आणि शरीराला जुळवून घ्यायला आठवडे मिळत. विमान तोच डोंगर दुप्पट उंचीचा करून अर्ध्या तासात चढवते आणि हवेत पालट असा काहीच देत नाही.

११/ कोणाला उडू द्यावे, हे कित्येक वर्षे अंदाजानेच ठरत असे. पन्नास मीटर चालून फारशी धाप लागली नाही तर हरकत नाही, असा एक ढोबळ नियम होता. २००२ मध्ये ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने तपशीलवार शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांतील मुख्य चाचणी सोपी आहे : रुग्णाला जमिनीवरच सुमारे २० मिनिटे १५ टक्के प्राणवायूची हवा द्यायची आणि रक्तातील प्राणवायू किती उतरतो ते पाहायचे. पुढे २०११ च्या शिफारशींत एक इशारा आला : जमिनीवर घेतलेल्या ऑक्सिमीटरच्या आकड्यावरून विमानात काय होईल याचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले. म्हणून हे वाक्य आज अधिक मोलाचे आहे.

१२/ दुसरा प्रश्न होता प्राणवायू सोबत नेण्याचा. भरलेला सिलिंडर विमानाच्या नियमांत धोकादायक सामान ठरतो. कंपनीच्या परवानगीविना तो नेता येत नाही. हवेतूनच प्राणवायू वेगळा काढणारी, बॅटरीवर चालणारी हाती धरण्याजोगी यंत्रे आली आणि कोंडी फुटली. अमेरिकेने २००५ मध्ये ठरावीक यंत्रांना विमानात मुभा दिली. २००९ पासून अमेरिकेला ये-जा करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही तो नियम लागू झाला. बॅटरी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतकी असावी, अशी अट कंपन्या घालू शकतात.

१३/ तिसरा प्रश्न हक्काचा. २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना कोलकात्यात विमानातून उतरवण्यात आले. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई मंजूर केली. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम सुधारला : अपंगत्वाच्या कारणाने प्रवास नाकारता येणार नाही, प्रकृती बिघडेल असे कंपनीला वाटल्यास डॉक्टरचे मत घेऊन लेखी निर्णय द्यावा लागेल. हे प्रकरण फुप्फुसांच्या आजाराचे नव्हते. तरी ‘तुम्ही आजारी दिसता’ एवढ्यावर दार बंद करणे यापुढे सोपे राहिले नाही.

१४/ दरम्यान धातूही बदलला. बोइंग ७८७ चे धड मुख्यत्वे कार्बन तंतूंच्या मिश्रणाचे आहे. ते तसे थकत नाही, म्हणून केबिनची हवा ६,००० फुटांच्या पातळीवर राखता येते. एअर इंडियाकडे ही विमाने सप्टेंबर २०१२ पासून आहेत. दोन हजार फुटांचा हा फरक कड्याजवळ उभ्या असलेल्या माणसासाठी लहान नाही. देशांतर्गत मार्गांवर मात्र बहुतांश विमाने जुन्याच घडणीची आहेत.

१५/ मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या अनेक घरांतील मुले आज परदेशी आहेत आणि आईवडील सोळा-सोळा तासांचा प्रवास करून नातवंडे पाहायला जातात. त्यांपैकी कित्येकांच्या छातीत वर्षानुवर्षांचा दमा, धूर किंवा जुना क्षय असतो. ‘सांगितले तर चढू देणार नाहीत’ या भीतीने आजार लपवला जातो. दीडशे वर्षांचा इतिहास या भीतीच्या विरुद्ध साक्ष देतो. छातीच्या डॉक्टरांची तपासणी आणि कंपनीचा वैद्यकीय फॉर्म उड्डाणाच्या बऱ्याच आधी पार पडला, तर प्राणवायूची सोय होते आणि नकाराला लेखी कारण द्यावे लागते. ‘झेनिथ’मधल्या त्या तिघांकडेही प्राणवायू होता; तो वेळेवर तोंडाशी गेला नाही, एवढेच.