बिनसहीची भांडी

विसाव्या शतकात जपानमध्ये मातीच्या भांड्यांविषयी जो विचार रुजला आणि पुढे पाश्चात्त्य कुंभारकलेवरही ज्याची छाप पडली, त्याचा उगम खुद्द जपानमध्ये नव्हे, तर कोरियात आहे. कोरियात राहणाऱ्या असाकावा नोरिताका यांनी १९१४ साली यानागी सोएत्सु या तरुण विचारवंताला जोसोन राजवटीच्या काळातील चिनी मातीचे एक पात्र आणून दिले, आणि त्या पात्राने यानागींना असे काही वेधून घेतले की पुढील अनेक वर्षे ते कोरियाच्या वाऱ्या करून तेथील वस्तू जमवीत राहिले. कोरिया १९१० पासून जपानच्या अंमलाखाली होता. यानागींनी १९१९ च्या कोरियन स्वातंत्र्य-आंदोलनावरील दडपशाहीवर जाहीर टीका केली, १९२४ मध्ये सोलच्या राजवाड्याच्या आवारात कोरियन लोककलेचे संग्रहालयही उभारले. मात्र त्यांना कोरियन कलेत जे ‘दुःखाचे सौंदर्य’ दिसले ते सत्ताधारी देशातील माणसाला दिसलेले होते, हा कोरियन टीकाकारांनी घेतलेला आक्षेप सहज बाजूला सारता येत नाही.

यानागी आणि त्यांचे कुंभार मित्र हामादा शोजी व कावाई कांजिरो यांनी १९२५ मध्ये ‘मिंगेई’ हा शब्द घडवला. ‘मिनशू’ म्हणजे सामान्य जन आणि ‘कोगेई’ म्हणजे हस्तकौशल्य. या दोहोंच्या जोडणीतून लोकांनी लोकांसाठी केलेल्या, रोजच्या वापरातील, स्वस्त आणि मुख्य म्हणजे निनावी वस्तू असा अर्थ त्यांना अभिप्रेत होता. या निनावीपणाला त्यांनी बौद्ध धर्मातील ‘तारिकी’ या कल्पनेचा आधार दिला. तारिकी म्हणजे परबळ, स्वतःच्या कर्तबगारीचा हिशेब सोडून पत्करलेली शरणागती: एकच भांडे हजारो वेळा घडवणाऱ्या कुंभाराचा हात ‘मी’पणाच्या पलीकडे जातो आणि सौंदर्य आपोआप उतरते, असे त्यांचे म्हणणे होते.

या विचाराची कसोटी म्हणून यानागींनी पुढे केलेली वस्तू म्हणजे ‘किझाएमोन’ हा चहाचा वाडगा होय. क्योतो येथील दाइतोकुजी मठाच्या कोहोआन या उपमठात एकात एक ठेवलेल्या पेट्यांत जपलेला हा वाडगा त्यांनी १९३१ मध्ये पाहिला. तो सोळाव्या शतकातील कोरियन कुंभाराच्या हातचा आहे. त्याचा रंग पिवळसर तपकिरी असून अंगावर चाकावर फिरताना उमटलेल्या बोटांच्या कडा स्पष्ट दिसतात, झिलईला बारीक तडे गेले आहेत, आणि बैठकीपाशी तीच झिलई भाजताना आकसून खडबडीत थेंबांसारखी गोळा झाली आहे. या थेंबांना जपानी चहारसिक ‘काइरागी’ म्हणतात. तलवारीच्या मुठीवर मढवल्या जाणाऱ्या माशाच्या दाणेदार कातड्यावरून हे नाव पडले. जे कुंभाराच्या लेखी फार तर भट्टीतला दोष असेल, ते रसिकाच्या लेखी लक्षण ठरले. यानागींच्या मते हा गरिबाचा भाताचा वाडगा होता. अलीकडे काही अभ्यासक मात्र अशी पात्रे पूजाविधीसाठी घडवलेली असावीत असे मानतात, आणि ते खरे असल्यास यानागींच्या सिद्धान्ताचा मोठा खांबच डळमळतो.

‘मिंगेई’ हा शब्द घडण्याच्या आधीच, १९२० मध्ये, हामादा इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्यासोबत इंग्लंडला गेले, तेथे सेंट आइव्ह्ज येथे दोघांनी भट्टी उभारली, आणि मायदेशी परतल्यावर हामादांनी माशिको हे गाव निवडले. तेथे १८५३ पासून स्वयंपाकघरासाठी रांजण, खलपात्रे, चहाच्या किटल्या होत असत. मिनागावा मासू ही निरक्षर चितारीण त्या किटल्यांवर डोंगर, पाणी आणि झाडे यांचा ठरीव देखावा काही फटकाऱ्यांत रंगवून दिवसाला शेकडो भांडी हातावेगळी करी. निनावी कारागिराचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडले नसते, पण मिंगेईच्या मंडळींनी वाखाणल्यामुळे तिचेच नाव इतिहासात राहिले. हामादांनी स्थानिक जाड मातीवरच काम केले, झिलई पळीने भांड्यावर ओतून नक्षी उमटवली, आणि परतल्यानंतर भांड्यांच्या बुडावर आपला शिक्का उठवणे सोडून दिले. १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. कावाईंनी मात्र असे सन्मान नाकारले. हामादांची भांडी शेवटपर्यंत बिनसहीचीच राहिली. ती ज्या लाकडी पेटीत ठेवून विकली जात, तिच्या झाकणावर मात्र ते स्वतःच्या हाताने नाव लिहीत, आणि संग्राहक आधी ती पेटी मागतात.